शंभर दिवसांची बासरी

वाद्य शिकायला किती वेळ लागतो याचा हिशेब चिनी लोकांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे. आडव्या बासरीला शंभर दिवस, उभ्या श्याओला हजार दिवस, आणि ते दोन तारांचं चिमुकलं हूछिन ओढता ओढता कंबर मोडते, असं त्यांची म्हण सांगते. तीन पर्यायांतला सगळ्यात स्वस्त निवडावा हा संस्कार आपल्यावर लहानपणीच झालेला असतो, म्हणून मी आडवी बासरी निवडली. ही म्हण कुणी केली ते कळायला मार्ग नाही, पण त्याचं बासऱ्यांचं दुकान असावं असा मला दाट संशय आहे.

कापडाच्या धंद्यापायी मी झेजियांग प्रांतात, शाओशिंगच्या कछ्याओ भागात राहतो. इचलकरंजीचा माणूस कछ्याओत येऊन पडला तर त्याला परदेशी आल्याचं फारसं जाणवत नाही. तोच कोऱ्या कापडाचा वास, तेच मीटर आणि ताग्यांचे हिशेब, तेच ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणून दिलेले वायदे. भारतीय व्यापारी इथं इतके आहेत की डाळ-रोटीसाठी वणवण करावी लागत नाही. बाजार बंद झाल्यावर मात्र संध्याकाळ खायला उठते. अशाच एका रिकाम्या संध्याकाळी कुणीतरी सांगितलं की या गावाचं आणि बासरीचं नातं फार जुनं आहे.

गोष्ट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. त्साई योंग नावाचा मोठा पंडित दरबारातल्या वैऱ्यांना चुकवत या दक्षिणेच्या मुलखात हिंडत होता. तो इथल्या कथिंग नावाच्या मंडपात मुक्कामाला उतरला. परक्या ठिकाणी आढ्याकडे बघत पडलेल्या माणसाला एरवी घरची देणी आठवतात. याचं लक्ष मात्र पूर्वेकडून सोळाव्या बांबूच्या वाशावर गेलं. यातून बासरी चांगली निघेल, असं म्हणून त्यानं तो वासा उतरवला, आणि बासरी निघाली ती अशी की कथिंगची बासरी म्हणून चिनी साहित्यात तिचं नाव आजही घेतात. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात हे आपण ऐकून होतो. वासा पाहुण्याबरोबर चालता झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. छपराचं पुढं काय झालं याबद्दल कथा मौन पाळते, आणि मंडपाच्या मालकाचं मत कुणी नोंदवून ठेवलेलं नाही.

या आडव्या बासरीला दीझ म्हणतात. ती हातात घेतल्यावर मराठी माणसाला पहिली पाच मिनिटं फार बरं वाटतं, कारण सगळं ओळखीचं निघतं. बोटांची भोकं सहा. सहाही झाकली की खालचा पंचम, वरची तीन झाकली की षड्ज, अगदी आपल्या बासरीत असतो तसाच. सूर लिहायची त्यांची पद्धत आकड्यांची आहे, एक ते सात. खालच्या सप्तकातल्या सुराखाली टिंब, वरच्या सप्तकातल्या सुरावर टिंब. भातखंड्यांच्या लिपीतही टिंबं नेमकी तिथंच बसतात, त्यामुळं पहिल्याच तासाला मी वहीत इतक्या झपाट्यानं टिंबं दिली की शिक्षिकाबाईंचा माझ्याविषयी काही काळ गैरसमज झाला.

त्यात भूप मदतीला येतो. मराठी माणसाला चीनमध्ये कुठंही नेऊन उभं करा, लिफ्टमध्ये, विमानतळावर, दातांच्या डॉक्टरकडे. वरच्या स्पीकरमधून काहीही वाजायला लागलं की तो मान डोलावून जाहीर करतो, ‘‘भूप आहे.’’ बऱ्याचदा त्याचं बरोबरही असतं. चिनी लोकसंगीताचा पाया पाच सुरांचा, आणि त्यातला सगळ्यात लाडका संच म्हणजे आपले सा रे ग प ध. नवशिक्यांना हमखास शिकवलं जाणारं जाईच्या फुलाचं लोकगीत याच पाच सुरांत फिरतं. हीच चाल पुच्चिनीनं आपल्या ‘तुरानदोत’ या ऑपेरात घेतली आणि तो ऑपेरा १९२६ साली रंगमंचावर आला. म्हणजे इटलीपर्यंत गेलेली चाल इचलकरंजीला जड जायचं काही कारण नव्हतं.

मग भेटतं ते जास्तीचं भोक.

आपल्याकडं पन्नालाल घोषांनी बासरीला सातवं भोक पाडलं ते आणखी एक सूर मिळावा म्हणून. चिनी बासरीचं हे भोक सूर देत नाही. फुंकायचं भोक आणि बोटांची भोकं यांच्या मधोमध ते बसलेलं असतं आणि त्याला एक पापुद्रा लागतो. त्या पापुद्र्याला म्हणतात दीमो. बोरूच्या जातीच्या एका वनस्पतीच्या पोकळ दांड्याच्या आत जे अस्तर असतं, ते अलगद सोलून हा काढतात. कांदा चिरताना पाकळ्यांमधून जो पारदर्शक पडदा सुटून बोटाला चिकटतो, तो याच्यापुढं जाडजूड म्हणावा लागेल. हा पापुद्रा त्या भोकावर चिकटवायचा. बासरी वाजली की तो थरथरतो आणि सुराला एक झणझणीत, धारदार किनार येते. पडद्यावर चीनचे डोंगर दिसले की पाठीमागं जो आवाज येतो, तो पुष्कळदा या पापुद्र्याचा असतो.

गाण्यातलं थोडंफार कळणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तंबोऱ्याच्या तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून आपण जवारी काढतो ती याच नादासाठी. मिरजेच्या कारागिरांनी त्या दोऱ्यावर पिढ्या घालवल्या आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. फरक इतकाच की आपला दोरा हाताला येतो, दिसतो, आणि जागेवरून हलला तर पुन्हा सरकवता येतो. दीमोला यातलं काहीच मान्य नसतं.

तो लावायची रीत अशी. पापुद्र्याची नळी येते, ती बोटांत हलकेच चोळून सैल करायची. छोटा तुकडा कापायचा. भोकाच्या कडेला सरस लावायचा, पण भोकात जाऊ द्यायचा नाही. मग तुकडा वर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी इतकाच ताणायचा की मधोमध बारीक, सारख्या सुरकुत्या पडाव्यात. सैल राहिला तर बासरी फरफरते. जास्त ताणला तर आवाज दबतो. आणि बरोब्बर जमला की आनंदाच्या भरात माणूस ‘बघा बघा’ म्हणून भोकाकडे बोट दाखवतो आणि ते बोट आरपार जातं. पापुद्रा फाटला की बासरी मुकी होते, म्हणजे शिकण्याचा बराचसा काळ संगीतात न जाता कागदकामात जातो. तरुण मुलं चष्म्याशिवाय हे करतात. मी चष्म्यावर भिंग धरून करतो, आणि श्वास रोखून करतो, कारण नुसत्या उच्छ्वासानंही तो तुकडा टेबलावरून निघून जातो आणि पुन्हा सापडत नाही.

सरसाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. परंपरेनं त्यासाठी अजियाओ वापरतात. हा गाढवाचं कातडं उकळून काढलेला सरस. मूळचा शानतुंग प्रांताचा, आणि त्याची खरी कीर्ती औषध म्हणून. रक्त वाढतं या समजुतीनं बायका तो अक्रोड आणि तीळ घालून वड्या करून खातात. या औषधाला मागणी एवढी वाढली की आफ्रिकेतली गाढवं कमी व्हायला लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाला कातड्यासाठी होणारी गाढवांची कत्तल बंद करायचा ठराव करावा लागला. बासरीवाल्याला लागतो तो नखाएवढा, त्यामुळं या पापात आमचा वाटा तेवढाच. तरी आपल्याकडं गाढवापुढं गीता वाचून फुकट जाते, आणि इथं गाढवाशिवाय सूर लागत नाही, हे पचायला वेळ लागला.

गाढव नको असेल तर लसूण. पाकळी कापायची आणि तिचा रस भोकाच्या कडेनं फिरवायचा. लसूण उत्तम चिकटतो. फक्त हे भोक नाकाखालीच येतं, त्यामुळं लांब श्वास घेऊन जाईच्या फुलाचं गाणं सुरू केलं की वास फोडणीचा येतो आणि मन स्वयंपाकघराकडं जातं. साधना जेवणाच्या वेळेपलीकडं टिकत नाही.

आमच्या वर्गात मी सोडून बाकी सगळे विद्यार्थी प्राथमिक शाळेतले. दुधाचे पुढचे दात पडून नवे आल्याशिवाय मुलांना बासरीला घेत नाहीत, कारण ओठाला मागून आधार लागतो. प्रवेशाची ही अट मी वयाच्या मानानं सहज पूर्ण केली. मुलं मला ‘शूशू’ म्हणजे काका म्हणतात आणि माझी कीव करतात. चीनमध्ये वाद्यांच्या परीक्षांच्या दहा पायऱ्या असतात. चौथ्या पायरीवरची एक चिमुरडी मधल्या सुट्टीत मला खालचा पंचम कसा काढायचा ते शिकवते. सहापैकी एखादं बोट केसभर सरकलं तरी पंचमाऐवजी किंकाळी निघते. किंकाळी निघाली की ती आपल्या आईकडे बघते आणि आई मोबाइलकडे बघते.

फुंकण्याचं काय, असं कुणी विचारेल. पहिले काही दिवस फुंकर निघते, सूर निघत नाही. शिक्षिकाबाई म्हणतात, श्वास बेंबीखाली न्या. बेंबीखाली गेलेला श्वास परत आणायचा कसा हे त्या सांगत नाहीत. बाटलीच्या तोंडावर फुंकून पाहा, आरशात ओठ बघा, हसल्यासारखे ओठ ठेवा पण हसू नका, असे बरेच उपाय असतात. फार जोर लावला की डोकं गरगरतं आणि खुर्ची धरावी लागते. वर्गातल्या भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्च्यांचं रहस्य मला तेव्हा उलगडलं.

जिभेचा अभ्यास याहून अवघड, कारण तो घरी करायचा असतो. स्वर तोडायचा झाला की जिभेनं ‘थू’ म्हणायचं. जलद तोडायचा असेल तर ‘थू-खू, थू-खू’. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून तळ्याकडे तोंड करून बराच वेळ ‘थू, थू, थू-खू’ करत असलेल्या माणसाकडे चिनी शेजारी कौतुकानं बघतात. माझ्या आईनं ते फोनवर ऐकलं.

‘‘कुणाशी भांडतोयस रे?’’

‘‘कुणाशी नाही आई, बासरी शिकतोय.’’

थोडा वेळ शांतता. मग, ‘‘बरं. तिथं डॉक्टर चांगले आहेत ना?’’

तरीही जिभेनंच मला या वर्गात एकदा मान मिळवून दिला. उत्तरेकडच्या शैलीत जीभ टाळ्याशी भरभर थरथरवत सूर काढतात. त्याला ‘हुआश’ म्हणतात. चिनी भाषेत घोळवून म्हणायचा ‘र’ नाही, त्यामुळं भल्याभल्या पोरांची इथं गाडी अडते. काही जण तोंडात पाणी धरून गुळण्या करत सराव करतात. माझी पाळी आली. ज्या माणसाचं बालपण तोंडानं मोटार चालवण्यात आणि ‘ढुर्रर्र’ करत अंगणात गिअर बदलण्यात गेलं, त्याला ‘र’ कोण शिकवणार! सगळा वर्ग वळून बघायला लागला. शिक्षिकाबाईंनी पुन्हा करायला लावलं. चौथ्या पायरीवरच्या मुलीचा चेहरा पडला. पुढच्याच क्षणी बाईंनी तेच बासरीत करायला सांगितलं आणि परिस्थिती पूर्ववत झाली.

शेजाऱ्यांचा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला असतो, पण इथं तो वेगळ्या तऱ्हेनं सुटतो. खालच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहतात. माझा सराव सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी ते दार वाजवून उभे राहिले. मी माफीची वाक्यं मनात जुळवली. त्यांनी खिशातून दीमोचं पाकीट काढून दिलं, माझ्या बासरीवरचा पापुद्रा नखानं उचकटला, नवा लावला आणि दोन सूर वाजवून परत केली. ते स्वतः रोज सकाळी बागेत वाजवतात. चिनी बागांत सकाळी सहाला नाच, तलवारी, बासऱ्या आणि पिंजऱ्यातले पक्षी एकाच वेळी चालू असतात, त्यामुळं तिथं कोण बेसूर वाजवतंय हे शोधणं पोलिसांनाही जमणार नाही. नवशिक्यासाठी याहून सुरक्षित जागा जगात नसेल.

आजोबांनीच मला गायीची एक गोष्ट सांगितली. गोंगमिंग यी नावाचा एक थोर वादक होता. त्यानं एका गायीपुढं तंतुवाद्यावर अतिशय उच्च दर्जाची रचना वाजवली. गाय चरत राहिली. मग त्यानं डासांची गुणगुण आणि हरवलेल्या वासराचं हंबरणं वाजवून दाखवलं. गायीनं लगेच शेपूट हलवली, कान टवकारले आणि पावलं आखूड करत ऐकायला लागली. चिनी लोक ही गोष्ट अरसिकांच्या निंदेसाठी सांगतात. मला ती ऐकल्यावर गायीची बाजू पटते. तिला काय आवडतं ते तिनं स्पष्ट सांगितलं, आणि माझ्या दीमोतून डास आणि वासरू दोन्ही आपोआप निघतात.

हवामानाचा त्रास वेगळाच. जूनच्या मध्यापासून या भागात आलुबुखाऱ्याच्या हंगामातला पाऊस लागतो. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत आणि दीमो सैल पडतो. पावसाळ्यात तबला उतरला म्हणून हातोडी शोधणारा तबलजी आपण पाहिलेला आहे. त्याला निदान ठोकायला काहीतरी असतं. हिवाळ्यात हवा कोरडी होते आणि तोच दीमो ताठ होऊन बसतो. बांबूलाही चिरा जातात, म्हणून चांगल्या बासरीवर ठिकठिकाणी दोरा घट्ट गुंडाळलेला असतो.

या सगळ्याला इतिहासाचा आधार शोधायचा झाला तर तो भरपूर आहे. हनान प्रांतातल्या ज्याहू इथं उत्खननात क्रौंचाच्या पंखाच्या हाडांपासून केलेल्या बासऱ्या सापडल्या. त्यांतल्या जुन्या जवळपास नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांतली एक तर आजही वाजते, आणि तिच्या सुरांची मोजदाद १९९९ साली ‘नेचर’मध्ये छापून आली. म्हणजे नऊ हजार वर्षांपूर्वी ज्याहूत कुणीतरी शिकत होतं आणि कुणीतरी ते सहन करत होतं. या हाडांच्या बासऱ्यांना दीमो नव्हता. टिकल्या त्यामुळंच, असं माझं मत आहे. एवढी परंपरा असूनही दीझ शतकानुशतकं नाटकाच्या आणि मेळ्यांच्या साथीलाच बसत राहिली. दक्षिणेत लांब, मृदू आवाजाची छ्यूदी कुन नाटकाला, उत्तरेत आखूड, चढ्या आवाजाची बांगदी बांगझ नाटकाला. १९५३ साली बीजिंगच्या लोककला महोत्सवात फंग त्झत्सुन यांनी ती एकट्यानं वाजवली, तेव्हा ती स्वतंत्र वाद्य म्हणून मंचावर स्थिरावली. इतकी वर्षं साथीला राहिलेल्या वाद्याकडून मी शंभर दिवसांत मैफल मागत होतो.

अलीकडं हिला परदेशातून नवे शिष्य मिळाले आहेत. २०१९ साली ‘द अनटेम्ड’ ही चिनी मालिका जगभर गाजली. तिचा नायक लाल गोंड्याच्या काळ्या बासरीवर मढी उठवतो. ती बघून पुष्कळ पोरापोरींनी लाल गोंड्याच्या काळ्या बासऱ्या मागवल्या. सुरुवातीच्या महिन्यांत त्यांनाही तेच साधतं, फक्त उठतात ती झोपलेली जिवंत माणसं.

तेव्हा कुणाला शिकायचीच असेल तर चार गोष्टी सांगतो. हांगझोऊजवळ यूहांगमधल्या झोंगताईला बासऱ्या करणारी घरंच्या घरं आहेत. कडू बांबू तोडून तो वर्षानुवर्षं वाळवतात आणि मग भोकं पाडतात. तिथं गेलात तर सगळ्यात सुंदर बासरी विकत घेऊ नका. टोकाला लावलेल्या जेडच्या टोप्या आणि लाल गोंडे यांच्यामुळं सूर लागत नाही. जी किंवा एफ पट्टीची साधी, दोन तुकड्यांची, मधे पितळी जोड असलेली घ्या. जोड सरकवून सूर थोडा वरखाली करता येतो. पहिले काही आठवडे त्या भोकावर सरळ चिकटपट्टी लावा. आवाज आपल्या बासरीजवळ जाईल आणि घरचे ओळखतील. आणि दीमोचं पाकीट एक कधीच घेऊ नका, दोन घ्या. पहिलं फाडण्यासाठीच असतं.